जुना संगणक : दुरुस्ती करावी की नवा घ्यावा?

शाळेच्या एका खोलीत कापडी आच्छादनाखाली झाकून ठेवलेले संगणक हे दृश्य आज खेडोपाडी अपरिचित राहिलेले नाही. काही वर्षांपूर्वी नारळ वाढवून, मोठ्या उत्साहाने ही खोली सुरू झालेली असते. पुढे एक संगणक सुरू होईनासा होतो, दुसरा अतिशय मंद चालू लागतो, तर तिसऱ्याच्या पडद्यावर त्याची प्रणाली कालबाह्य झाल्याची सूचना झळकू लागते. मग एका यंत्रापाशी दोन मुलांऐवजी पाच मुले बसतात. कळफलकास हात लागतो तो त्यांतील एकाचाच. उरलेली चार मुले केवळ पाहत राहतात. पंचायतीच्या कार्यालयात, सहकारी दूध संस्थेत किंवा देवस्थान समितीच्या कचेरीत असा एकुलता एक संगणक बंद पडला, तर गावकऱ्यांना दाखल्यासाठी व हिशेबासाठी हेलपाटे घालावे लागतात.

अशा वेळी हमखास दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, यंत्र जुने झाले, आता त्यावर पैसा घालण्यात अर्थ नाही, नवेच घ्यावे. दुसरे मत असे की, थोडक्यात दुरुस्ती होत असेल तर नव्याचा खर्च कशाला? ही दोन्ही मते बहुधा यंत्राची तपासणी होण्यापूर्वीच मांडली जातात. वस्तुतः संगणकाच्या वयावरून हा निर्णय करता येत नाही. दोष नेमका कोणत्या भागात आहे, त्या यंत्राकडून कोणते काम घ्यावयाचे आहे आणि दुरुस्तीनंतर ते आणखी किती वर्षे ते काम करू शकेल, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे निर्णय करणे फारसे अवघड राहत नाही. त्याही आधी एक काम मात्र विनाविलंब करावयास हवे.

प्रथम माहितीचे रक्षण

संगणक हे यंत्र बाजारात पुन्हा विकत मिळते; परंतु त्यातील माहिती पुन्हा विकत मिळत नाही. विद्यार्थ्यांचे निकाल, प्रवेशाच्या नोंदी, संस्थेचे जमाखर्च, सभेची इतिवृत्ते, गावाच्या उत्सवाची छायाचित्रे ही सारी यंत्राच्या आतील हार्ड डिस्क नावाच्या भागात साठविलेली असतात. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय तबकड्या असून त्या मिनिटास बहुधा ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात. त्यांच्या पृष्ठभागापासून अत्यल्प अंतरावर माहिती वाचणारी सूक्ष्म शीर्षे फिरत असतात. अशी डिस्क झिजू लागली, म्हणजे यंत्र मध्येच थबकते, फायली उघडण्यास विलंब लागतो, आणि कधी कधी आतून टकटक असा आवाज येऊ लागतो. हा आवाज ऐकू येताच संगणक पुनःपुन्हा चालू-बंद करून पाहण्याचा मोह टाळावा. प्रत्येक प्रयत्नागणिक उरलेली माहिती वाचविण्याची शक्यता कमी होत जाते.

यास्तव दुरुस्तीचा वा खरेदीचा विचार सुरू करण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींच्या प्रती काढून ठेवाव्यात. याबाबत जाणकारांचा सोपा नियम असा : माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत इमारतीबाहेर असावी. एकच पेनड्राइव्ह आणि तोही त्याच टेबलाच्या खणात, याला सुरक्षित प्रत म्हणता येत नाही. चोरी, आग किंवा पावसाचे पाणी यांपैकी काहीही ओढवले, तर दोन्ही एकदमच नष्ट होतात.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. जुन्या संगणकांवरील पुष्कळसा मराठी मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित केलेला आहे. आयएसएम, श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींच्या साहाय्याने त्या काळी हे काम होत असे. असा मजकूर नव्या संगणकावर नेला व तो विशिष्ट फाँट तेथे नसला, तर पडद्यावर मराठी अक्षरांऐवजी रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक सरमिसळ दिसते. फाईल नष्ट झालेली नसते, परंतु वाचता येत नाही. तेव्हा जुने यंत्र चालू आहे तोवरच त्यावरील अशी कागदपत्रे उघडून ती पीडीएफ स्वरूपात साठवावीत, आणि पुढे ज्यांत फेरफार करावे लागणार आहेत ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावीत. रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार मूळ प्रतीशी ताडून पाहावेत, कारण चुका बहुधा तेथेच राहतात. वीस वर्षांची इतिवृत्ते एका दिवसात भंगारात गेल्याचे दुःख नंतर कितीही खर्च केला तरी भरून येत नाही.

लक्षण मोठे, दोष लहान

संगणक बंद पडला म्हणजे तो संपूर्ण निकामी झाला, असा समज करून घेणे चुकीचे आहे. संगणक हे अनेक सुट्या भागांचे मिळून झालेले यंत्र आहे आणि त्यांतील कित्येक भाग अल्प खर्चात बदलता येतात. याची काही उदाहरणे पाहू.

यंत्र सुरू होते, पण प्रत्येक वेळी त्यातील दिनांक कित्येक वर्षे मागे गेलेला असतो आणि इंटरनेटवरील संकेतस्थळे 'सुरक्षित नाही' असे सांगून उघडत नाहीत. अशा वेळी इंटरनेट बिघडले असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात मुख्य फलकावर, म्हणजे मदरबोर्डवर, सीआर २०३२ या नावाचा नाण्याएवढा एक सेल असतो. यंत्र बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. काही वर्षांनी तो संपतो व घड्याळ मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीपुरतीच ग्राह्य असल्याने, चुकीचा दिनांक असलेला संगणक ती नाकारतो. घड्याळातही वापरल्या जाणाऱ्या या लहानशा सेलची किंमत अत्यल्प आहे. तेवढ्यासाठी यंत्र बाद ठरविणे म्हणजे घड्याळाचा सेल संपला म्हणून घड्याळच फेकून देण्यासारखे होय.

दुसरे उदाहरण पावसाळ्याचे. कोकण व गोमंतकात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतील दमटपणा फार असतो. किनाऱ्यालगतच्या गावांत त्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. महिनोन् महिने न वापरलेल्या यंत्रातील धातूच्या जोडांवर त्यामुळे गंज व मळी चढते. यंत्र चालू केल्यावर पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो किंवा यंत्र बीप असा आवाज करीत राहते. अशा वेळी स्मृतिपट्टी, म्हणजे रॅम, काढून तिचे सोनेरी जोड स्वच्छ करून पुन्हा बसविल्यास यंत्र अनेकदा पूर्ववत् सुरू होते. हे काम विजेची जोडणी पूर्णपणे काढून, यंत्राच्या धातूच्या सांगाड्यास हात लावून अंगावरील स्थिर विद्युत घालविल्यानंतर करावे. पावसाळ्यात संगणक झाकून ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तरी तासभर चालू ठेवणे हितावह होय. यंत्राच्या उष्णतेने आतील ओल निघून जाते.

तिसरे उदाहरण धुळीचे. संगणक काही मिनिटे चालून आपोआप बंद पडत असेल, तर आतील पंख्यावर व उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यांवर धुळीचा थर साचलेला असण्याचा संभव असतो. प्रोसेसर प्रमाणाबाहेर तापला, की स्वतःच्या रक्षणार्थ यंत्र बंद होते. धूळ साफ करणे आणि प्रोसेसरवरील वाळून गेलेला उष्णतावाहक लेप नव्याने लावणे, एवढ्यावर काम भागते.

वीजपुरवठा करणारी पेटी, म्हणजे एसएमपीएस, ही देखील बदलता येण्याजोगी वस्तू आहे. वीजदाबातील चढउतारामुळे तिला वारंवार अपाय पोहोचतो. मात्र ही पेटी उघडून आत दुरुस्ती करण्याचा प्रयत्न घरी वा शाळेत कोणीही करू नये. जोडणी काढल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये काही काळ धोकादायक विद्युतभार शिल्लक राहतो. ती संपूर्णच बदलावी. तद्वतच, लॅपटॉपची बॅटरी फुगून बाहेरचे कवच उचलले गेल्याचे दिसले, तर त्या क्षणापासून तो वापरू नये. फुगलेली बॅटरी दाबणे किंवा टोचणे आगीस कारण होऊ शकते.

मंद संगणकास नवे बळ

यंत्र चालू आहे, परंतु एक पत्र उघडावयास पाच मिनिटे लागतात, ही सर्वांत अधिक ऐकू येणारी तक्रार. येथे दोन भाग बदलल्याने मोठा फरक पडतो.

पहिला भाग म्हणजे हार्ड डिस्क. फिरत्या तबकडीच्या डिस्कऐवजी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी, बसविता येते. तिच्यात फिरणारा एकही भाग नसून माहिती इलेक्ट्रॉनिक चिपमध्ये साठविली जाते. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बहुतेक संगणकांत साटा या प्रकारची जोडणी असल्याने अडीच इंची एसएसडी त्यांत बसू शकते. तबकडीवरील निरनिराळ्या ठिकाणची माहिती गोळा करण्यात शीर्षाचा जो वेळ जात असे तो वाचल्यामुळे, तेच यंत्र कित्येक पटींनी तत्पर झाल्याचा अनुभव येतो. एसएसडीचा एक दोषही ध्यानी ठेवावा. ती निकामी होते तेव्हा टकटक आवाजासारखी पूर्वसूचना बहुधा देत नाही. म्हणून तिच्याबाबतीतही सुरक्षित प्रती काढण्याचा नियम शिथिल करून चालणार नाही.

दुसरा भाग म्हणजे रॅम. आजची संकेतस्थळे पूर्वीपेक्षा बरीच अधिक स्मृती व्यापतात. दोन गीगाबाइट रॅम असलेल्या यंत्रात ती चार वा आठ गीगाबाइटपर्यंत वाढविल्यास कामात सुलभता येते. मात्र डीडीआर २, डीडीआर ३, डीडीआर ४ असे रॅमचे निरनिराळे पिढीवार प्रकार असून एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. खरेदीपूर्वी मदरबोर्ड कोणता प्रकार व जास्तीत जास्त किती रॅम स्वीकारतो, हे पाहून घ्यावे.

याउलट, काही दोष असे आहेत की तेथे थांबणेच शहाणपणाचे असते. मदरबोर्ड जळला असेल, त्यावरील कपॅसिटर फुगून फुटले असतील, तर जुन्या प्रकारचा मदरबोर्ड नवा मिळणे कठीण असते. नव्या प्रकारचा बसवावा तर प्रोसेसर व रॅमही बदलावी लागते. म्हणजे पेटी तेवढी जुनी राहते आणि खर्च नव्याचा होतो. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, ही म्हण अशाच व्यवहाराला लागू पडते.

यंत्राचे वय आणि प्रणालीचे वय

संगणकास दोन प्रकारचे वार्धक्य येते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. पहिले यंत्राचे; त्याचा विचार वर झालाच. दुसरे प्रणालीचे. संगणक चालविणाऱ्या मूळ प्रणालीत वेळोवेळी सुरक्षाविषयक त्रुटी आढळतात व निर्माती कंपनी त्या दुरुस्त करून वापरणाऱ्यांना पुरविते. ठरावीक मुदतीनंतर हा पुरवठा बंद होतो. यंत्र ठणठणीत असले, तरी त्यातील नव्याने सापडलेल्या त्रुटी मग तशाच उघड्या राहतात.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १०चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. विंडोज १०साठी घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-साहाय्याची सोय ठेवण्यात आली आणि संस्थांना शुल्क भरून जास्तीत जास्त तीन वर्षांची मुदत देण्यात आली. ही सोय म्हणजे निर्णयासाठी मिळालेली सवड होय. कायमचा उपाय नव्हे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ला किमान ४ गीगाबाइट रॅम, ६४ गीगाबाइट साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. प्रोसेसरही कंपनीच्या मान्य यादीतील असावा लागतो. काही अपवाद वगळता इंटेलचे आठव्या पिढीचे, म्हणजे २०१७ पासूनचे, व त्यानंतरचे प्रोसेसर या यादीत येतात. त्यामुळे त्यापूर्वीचे कित्येक सुस्थितीतील संगणक केवळ या अटीमुळे 'जुने' ठरले. येथे एक गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे. काही यंत्रांत टीपीएमची सोय असते, परंतु ती मूळ मांडणीत बंद ठेवलेली असते. तंत्रज्ञाकडून ती चालू करून घेतल्यास यंत्र पात्र ठरू शकते. तेव्हा पडद्यावर 'अपात्र' ही सूचना दिसली, म्हणून लगेच खरेदीचा प्रस्ताव पाठविण्याची घाई करू नये.

जे यंत्र खरोखरच अपात्र आहे, त्यासाठी लिनक्स या मुक्त प्रणालीचा मार्ग खुला आहे. उबुंटू, मिंट यांसारख्या तिच्या आवृत्त्या विनामूल्य मिळतात. आपल्या देशातील सी-डॅक या संस्थेने 'बॉस' नावाची आवृत्ती भारतीय भाषांच्या सोयीसह तयार केली आहे. पत्रलेखन, तक्ते, सादरीकरण यांसाठी लिब्रेऑफिस हा संचही विनामूल्य असून त्यात मराठी युनिकोड व्यवस्थित चालते. केरळ राज्यातील सरकारी व अनुदानित शाळांनी संगणकशिक्षणासाठी अनेक वर्षांपासून मुक्त प्रणालीचाच अवलंब केलेला आहे. गोव्यासही हा मार्ग सर्वस्वी नवा नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस व चालू शतकाच्या आरंभी परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने चाललेल्या 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट' या उपक्रमात वापरलेले संगणक आणून ते लिनक्ससह येथील शाळांना देण्यात आले होते.

तथापि, प्रत्येक ठिकाणी हा उपाय लागू पडेल असे नाही. डिजिटल स्वाक्षरीचे साधन, हिशेबाची विशिष्ट आज्ञावली, जुना प्रिंटर किंवा बोटांचे ठसे घेणारे यंत्र लिनक्सवर चालेलच अशी खात्री देता येत नाही. सुदैवाने, संगणकातील काहीही न पुसता पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहण्याची सोय आहे. आठवडाभर अशी चाचणी घ्यावी. आपली नित्याची कामे होतात असे दिसले तरच ती कायमची बसवावी. मुलांच्या खोलीत लिनक्स आणि कार्यालयात विंडोज, अशी विभागणी पुष्कळ ठिकाणी सोयीची ठरेल.

खर्चाचा खरा हिशेब

दुरुस्तीचा खर्च नव्या संगणकाच्या निम्म्याहून अधिक असेल तर नवा घ्यावा, असा एक ठोकताळा सांगितला जातो. तो पुरेसा नाही. दुरुस्तीनंतर यंत्र किती काळ टिकेल, याचा त्यात विचार नाही. अधिक योग्य रीत म्हणजे प्रतिवर्षी येणारा खर्च काढणे.

उदाहरणादाखल असे समजू की, नवा संगणक ४२,००० रुपयांस मिळतो व तो सात वर्षे काम देईल. म्हणजे वर्षास ६,००० रुपये पडले. जुन्या संगणकात एसएसडी व रॅम घालण्यास ६,००० रुपये लागतात व तो आणखी तीन वर्षे चालेल असा अंदाज आहे. म्हणजे वर्षास २,००० रुपये. येथे दुरुस्तीच श्रेयस्कर. आता दुसरा संगणक घ्या. त्याच्या मदरबोर्डच्या दुरुस्तीस ९,००० रुपये सांगितले आहेत, परंतु तो वर्षभरापलीकडे टिकण्याची खात्री नाही. ९,००० हा आकडा ४२,०००च्या निम्म्यापेक्षा पुष्कळच कमी दिसतो. तरीही वर्षाचा हिशेब ९,००० रुपयांचा, म्हणजे नव्याच्या दीडपट झाला. ठोकताळा ज्या दुरुस्तीला संमती देतो, तीच येथे महाग ठरते. हे आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत; बाजारभाव बदलत असल्याने प्रत्यक्ष दरपत्रके मागवूनच हिशेब मांडावा.

नवे यंत्र वीज वाचविते, म्हणून त्याचा खर्च आपोआप भरून निघतो, असेही कधी सांगण्यात येते. तेही ताडून पाहावे. जुना संगणक शंभर वॅट आणि नवा चाळीस वॅट वीज घेतो असे मानले, व तो रोज सहा तास याप्रमाणे वर्षातून २२० दिवस चालला, तर वर्षाकाठी सुमारे ७९ युनिट वीज वाचेल. युनिटास सहा रुपये धरले तरी बचत पावणेपाचशे रुपयांच्या आसपास होते. बचत खरी आहे. परंतु केवळ तिच्या भरवशावर चालते यंत्र मोडीत काढणे योग्य होणार नाही. शिवाय संगणक तयार करतानाच ऊर्जा, पाणी व दुर्मीळ धातू यांचा मोठा व्यय झालेला असतो. यंत्राचे आयुष्य वाढविले, म्हणजे तो व्यय अधिक वर्षांत विभागला जातो.

हिशेबात आणखी एक रक्कम धरावी लागते, जी दरपत्रकात दिसत नाही. ती म्हणजे काम खोळंबल्याने होणारे नुकसान. मुलांच्या खोलीतील दहांपैकी एक यंत्र दोन दिवस बंद राहिले, तर तास कसाबसा पार पडतो. पण पंचायतीचे एकमेव यंत्र वर्षातून चार वेळा बंद पडत असेल, तर प्रत्येक वेळी लांबून आलेल्या माणसाची मजुरी बुडते. अशा जागी दुरुस्ती स्वस्त असली तरी भरवशाचे यंत्र घेणेच योग्य. म्हणूनच एकाच वयाच्या दोन संगणकांविषयी दोन निरनिराळे निर्णय होऊ शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात.

एका शाळेचे उदाहरण

ही रीत प्रत्यक्षात कशी वापरावी, हे पाहण्यासाठी सत्तरीसारख्या डोंगराळ तालुक्यातील एखादी शाळा कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. तेथे दहा संगणक असून त्यांपैकी चारच चालतात. दहाही बदलून मिळावेत असा प्रस्ताव पाठविल्यास मंजुरी, निविदा व पुरवठा यांत शैक्षणिक वर्ष निघून जाण्याचा संभव आहे. त्याऐवजी मुख्याध्यापकांनी एक साधा तक्ता करावा. त्यात प्रत्येक यंत्राचा क्रमांक, खरेदीचे वर्ष, दिसणारे लक्षण, तंत्रज्ञाने लेखी सांगितलेला दोष, दुरुस्तीचा खर्च व अपेक्षित आयुष्य असे रकाने असावेत.

तपासणीअंती असे आढळले, असे समजू : बंद असलेल्या सहांपैकी दोन यंत्रांना केवळ सफाई व नवा सेल हवा आहे, दोघांची हार्ड डिस्क झिजली आहे, उरलेल्या दोघांचे मदरबोर्ड निकामी आहेत. पहिली दोन यंत्रे एका दिवसात सुरू होतील. मधली दोन एसएसडी बसवून चालू करावीत. शेवटच्या दोघांतील चांगली रॅम, वीजपेटी, पंखे व कळफलक काढून ते इतरांसाठी सुटे भाग म्हणून उपयोगात आणावेत. नव्या यंत्राची मागणी करावी ती कार्यालयासाठी, एकाच संगणकाची. म्हणजे मुलांसाठी चारांऐवजी आठ यंत्रे झाली. वीस मुलांच्या तुकडीत एका यंत्रापाशी पाच मुले बसत होती, ती आता दोन किंवा तीन बसतील. प्रत्येकाच्या हाती कळफलक येईल.

अशा लेखी तक्त्याचा आणखी एक लाभ आहे. एका संगणकाची मागणी का केली व दोन यंत्रे बाद का ठरविली, हे वरिष्ठांना व लेखापरीक्षकांना त्यावरून स्पष्ट होते. पालक-शिक्षक संघाकडून साहाय्य घ्यावयाचे असल्यास पालकांपुढेही तोच तक्ता ठेवता येतो. दुरुस्तीसाठी यंत्र बाहेर देताना आतील भागांची यादी करून तंत्रज्ञाची स्वाक्षरी घ्यावी आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा.

नवा संगणक घेतानाही नव्याचे नऊ दिवस संपल्यानंतरचा विचार हवा. हमीची मुदत, तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्तीची सोय आणि पुढे रॅम व साठवण वाढविता येण्याची तरतूद, या तीन गोष्टी बाह्य रूपापेक्षा महत्त्वाच्या होत. त्यासोबत योग्य अर्थिंग व यूपीएस यांची व्यवस्था नसेल, तर जुन्याला झालेला अपाय नव्यालाही होईल. यूपीएसची बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते, हा खर्चही आधीच धरून ठेवावा. वीज कडाडत असताना प्लग काढून ठेवण्याची सवय सर्वांनी लावून घ्यावी.

निरोप देण्यापूर्वी

जे यंत्र खरोखर बाद झाले, ते जडवस्तू नोंदवहीत नोंद असेपर्यंत परस्पर कोणासही देता येत नाही. सक्षम अधिकाऱ्याची संमती घेऊन त्याचे रीतसर निर्लेखन करावे लागते. या प्रक्रियेच्या कंटाळ्यामुळे कित्येक खोल्या निकामी यंत्रांनी अडून राहतात. वरील तक्ता तयार असला, म्हणजे तेही काम सुकर होते.

यंत्र हातावेगळे करण्यापूर्वी त्यातील माहिती पुसून टाकावी. फाईल केवळ 'डिलीट' केल्याने ती नष्ट होत नाही; साध्या साधनांनीही ती पुन्हा मिळविता येते. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, शिष्यवृत्तीची बँक खाती, लाभार्थ्यांच्या याद्या परक्या हाती पडू नयेत, म्हणून हार्ड डिस्कवर आज्ञावलीच्या साहाय्याने संपूर्ण पुनर्लेखन करावे, आणि एसएसडी असल्यास तिच्यासाठी असलेली सुरक्षित पुसण्याची सोय वापरावी. डिस्क चालतच नसेल तर ती काढून घेऊन तंत्रज्ञाकरवी निकामी करावी.

त्यानंतरचा प्रश्न भंगाराचा. संगणकाच्या फलकांवर शिसे व इतर घातक द्रव्ये असतात. जुन्या जाड पडद्यांच्या काचेत तर शिशाचे प्रमाण मोठे असते. तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या, की विषारी धूर हवेत जातो, आणि उरलेली राख पावसाबरोबर शेतात व विहिरीत उतरते. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या वर्षी जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यांपैकी रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रण झाल्याची नोंद केवळ २२.३ टक्क्यांची होती. भारतात ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. उत्पादक, नूतनीकरण करणारे व पुनर्चक्रण करणारे यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करणे या नियमांनी आवश्यक केले आहे. तेव्हा दारावर येणाऱ्या भंगारवाल्याकडे वजनावर यंत्र न देता, नोंदणीकृत संस्थेकडे ते सोपवावे व पोच घ्यावी. अशा संस्थांची माहिती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून मिळू शकते.

जुना संगणक दुरुस्त करावा की नवा घ्यावा, याचे एकच उत्तर सर्व गावांना व सर्व यंत्रांना लागू पडणार नाही. मात्र उत्तर शोधण्याची रीत सर्वांना सारखीच उपयोगी पडते : आधी माहिती सुरक्षित करावी, मग दोष ओळखावा, यंत्राचे काम निश्चित करावे, प्रतिवर्षी पडणारा खर्च काढावा, आणि त्यानंतरच दुरुस्ती, खरेदी वा निर्लेखन यांचा निर्णय घ्यावा. पुढच्या आठवड्यात एखाद्या शिक्षकाने वा ग्रामसचिवाने बंद खोलीचे कुलूप काढून, आच्छादने दूर करून, असा तक्ता तयार करण्यास प्रारंभ केला, तरी पुष्कळ साधेल. त्या कापडाखालील यंत्रांपैकी काही निश्चितच निकामी असतील. परंतु काहींना बहुधा एका लहानशा सेलचीच प्रतीक्षा असेल.